तळटीप १२ : रुमाल, कमरबंद आणि विदर्भाचा राजा

‘हितचिंतकाचे कपट’ : ‘ऑथेल्लो’तील यागो उघड वैर धरत नाही, तो विश्वासू म्हणून कानाशी लागतो आणि साध्या रुमालाचा पुरावा करतो. गो. ब. देवलांनी १८९० मध्ये हे नाटक ‘झुंझारराव’ नावाने मराठीत आणले. विशाल भारद्वाजांच्या ‘ओंकारा’त (२००६) रुमालाच्या जागी कमरबंद आला, कपटाची रीत तीच राहिली. या रीतीची त्याहून जुनी कथा विदर्भातली आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त अश्मकराज वसंतभानू आपल्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित याला विदर्भात पाठवतो. बापाने हाकलल्याचे सोंग घेऊन तो राजा अनंतवर्म्याची मर्जी संपादन करतो, शिकार, द्यूत, मद्यपान यांचे गुण गातो आणि राज्य आतून पोखरतो. पुढे मांडलिक फितूर होतात, राजा युद्धात मारला जातो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम; तेथील वाकाटक सत्तेच्या अस्ताचे प्रतिबिंब वा. वि. मिराशींना या कथेत दिसले. कथा म्हणजे ताम्रपट नव्हे, तेव्हा हे मत अनुमान म्हणूनच वाचावे. मात्र विश्वासघाताची शोकांतिका विदर्भाला शेक्सपिअरने शिकवली, असे कोणी म्हणू नये.