महिन्याचे किती घेणार?

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एका जिममधली नोकरी सोडली आणि स्वतःचं पर्सनल ट्रेनिंग सुरू केलं. भांडवल म्हणजे दोन केटलबेल, रेझिस्टन्स बँडचा एक सेट, मोजायची टेप आणि जुनी स्कूटर. पहिलं गिऱ्हाईक ओळखीतून आलं. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, गुडघे नुकतेच कुरकुरायला लागलेले. सगळं बोलणं झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "महिन्याचे किती घेणार?"

आकडा मी घरून पाठ करून गेलो होतो, पण तो तोंडातून निघेना. शेवटी त्याच्या निम्मा सांगून परत आलो.

यामागचं कारण मला माहीत होतं. मी कोल्हापूरच्या एका तालमीत वाढलो. पहाटे लाल माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, मग वस्ताद एकेकाला जवळ बोलावून डाव शिकवणार. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. उलट कुणाच्या घरी दुधाची अडचण असली, तर त्याच्या खुराकाची सोय तेच कुठूनतरी करायचे. अशा माणसाचा शागीर्द आता तासाचा दर सांगत फिरणार?

त्या अवघडलेपणातून मी वाचायला लागलो. अंग कमवायला शिकवण्याचे पैसे घ्यायला सुरुवात कुणी केली, हे मला शोधायचं होतं.

या शोधात पहिलं ठळक नाव सापडतं ते युजेन सँडोचं. जन्म १८६७, प्रशियातल्या क्योनिग्जबर्ग गावात. खरं नाव फ्रीडरिश म्युलर. १८८९मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याने सॅमसन नावाच्या नामांकित ताकदवानाला हरवलं आणि एका रात्रीत त्याचा बोलबाला झाला. पुढे अमेरिकेत तिकीट लावून खेळ केले. इथवर तो सर्कशीतल्या इतर पैलवानांसारखाच होता.

वेगळेपणा दिसला १८९७मध्ये. त्या वर्षी त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामाची संस्था उघडली. तोवर लोक त्याचं शरीर बघायला पैसे देत होते. आता स्वतःचं शरीर घडवून घ्यायला देऊ लागले. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणारा, खांदे पुढे झुकलेला शहरी माणूस. आधी मापं घ्यायची, मग वय आणि तब्येत बघून व्यायाम ठरवून द्यायचा. जे लंडनला येऊ शकत नव्हते, त्यांनी आपली मापं आणि तक्रारी पोस्टाने कळवायच्या, व्यायामाचा तक्ता पोस्टानेच घरी यायचा. आज मी व्हॉट्सॲपवर जे करतो, ते हा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी पाकिटातून करत होता.

पुढच्याच वर्षी त्याने मासिक काढलं. डंबेल्स आणि ताणायची साधनं स्वतःच्या नावाने विकली. १९०१मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. तिथे परीक्षकांमध्ये शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल होता. १९०४-०५मध्ये सँडो हिंदुस्थानात खेळ करून गेला. त्याच्या नावाची बंडी आपल्याकडे अजून विकली जाते.

पण त्याचं नाव इथे त्याच्या आधीच पोचलं होतं. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानातले भवानराव पंतप्रतिनिधी त्याचे भक्त होते. त्यांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि साधारण दहा वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला. नंतर मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांचाच प्रचार करत राहिले. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तकं लिहिली. साधन लागत नाही, जागा सतरंजीएवढी, खर्च शून्य. कालचं गिऱ्हाईक आज फुकट वाटायला बसलं होतं.

हे वाचून माझा अपराधीपणा आधी वाढलाच. सँडो म्हणजे धंदा आणि पंतप्रतिनिधी म्हणजे सेवा, अशी सोपी वाटणी मी मनात करून टाकली. मग लक्षात आलं की पंतप्रतिनिधी राजे होते. त्यांना महिन्याच्या शेवटी घरभाडं द्यायचं नव्हतं.

तालमीचंही तसंच होतं. आपण म्हणतो, तालमीत फी नव्हती. फी होती, ती शिकणाऱ्याच्या खिशातून जात नव्हती एवढंच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्ल पोसले, खासबागेचं मैदान बांधलं, लांबलांबचे पैलवान आणून कुस्त्या लावल्या. पैलवानाचा खुराक दरबार बघायचा. १९४९मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबार गेला. तालमी राहिल्या. फुकट शिकवायची रीतही राहिली. तिचा खर्च उचलणारा मात्र राहिला नाही.

तिकडे बंगलोरमध्ये के. व्ही. अय्यर यांनी दोन्ही वाटा जोडल्या होत्या. वजनं, आसनं आणि सूर्यनमस्कार एकत्र करून ते व्यायामशाळा चालवत आणि पोस्टाने अभ्यासक्रमही विकत. म्हैसूरच्या राजघराण्याचा आधार त्यांना मिळाला, पण ते केवळ त्यावर विसंबले नाहीत. आपल्या ज्ञानाला किंमत आहे, हे त्यांनी उघडपणे मानलं.

सँडोची गोष्ट मात्र गोड शेवटाची नाही. १९११मध्ये तो राजे पंचम जॉर्ज यांचा अधिकृत व्यायामशिक्षक झाला, पण त्याने कोकोसुद्धा स्वतःच्या नावाने विकायला काढला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो धंदा बुडाला. १९२५मध्ये तो वारला. त्याच्या थडग्यावर कित्येक दशकं नावही नव्हतं. आज मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला त्याचाच पुतळा देतात. धंदा करणाऱ्याने आपलं काम कुठे संपतं हे ओळखावं, एवढं मी त्यातून घेतलं. मी प्रोटीन पावडर विकत नाही.

दिवाळीत कोल्हापूरला गेलो, तेव्हा वस्तादांच्या पाया पडायला गेलो. काय करतो ते सांगितलं, पैसे घेतो हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अंग बघून शिकवतोस न्हवं? का समद्यांस्नी एकच?"

"बघून शिकवतो, वस्ताद."

त्यांनी मान हलवली. चहा घेऊन आलेल्या काकू मात्र दारातच थांबल्या. म्हणाल्या, "घे की बाबा पैसं. ह्यांनी कधी घेतलं न्हाईत, म्हणून तर मला तीस वर्सं शिवणाची मशीन चालवावी लागली."

वस्ताद काही बोलले नाहीत. मीही नाही. मशीन कोपऱ्यातच होती, वर कापड टाकलेलं. सात वर्षं त्या घरी जात होतो, ती मशीन रोज बघत होतो. माझी फी कोण भरत होतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर बँकेतल्या बाईंना खरा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आधीच का नाही सांगितलात?" आता सोमवार ते शुक्रवार पैसे घेतो. रविवारी सकाळी वस्तीतल्या पोरांना मैदानावर शिकवतो, त्यांच्याकडून काही घेत नाही. त्या तासाचा खर्च कोण भरतं, हे मला आता माहीत आहे. आठवड्यातली बाकीची गिऱ्हाइकं भरतात. घरच्या कुणावर तो पडत नाही ना, हे दर महिन्याला वहीत बघतो.