बॅनर्जी, प्रदीपकुमार
(२३ जून १९३६–२० मार्च २०२०). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. ‘पी. के.’ या आद्याक्षरांनीच अधिक परिचित. जन्म जलपाईगुडी (पश्चिम बंगाल) येथे. उजव्या बगलेवरून धावणारा आघाडीचा खेळाडू म्हणून त्यांनी नाव मिळवले. चुनी गोस्वामी व तुळसीदास बलराम यांच्याबरोबरचे त्यांचे त्रिकूट गाजले. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये (१९५६) चौथ्या आलेल्या भारतीय संघात ते होते. रोम ऑलिंपिकमध्ये (१९६०) कर्णधार असताना फ्रान्सविरुद्धच्या १–१ बरोबरीतील भारताचा गोल त्यांचाच. जकार्ता आशियाई स्पर्धेच्या (१९६२) अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २–१ विजय मिळवताना पहिला गोलही त्यांनी केला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम त्या संघाचे प्रशिक्षक होते.

कोलकात्याच्या बड्या क्लबांकडून मात्र ते कधीच खेळले नाहीत. ईस्टर्न रेल्वेशी ते एकनिष्ठ राहिले आणि १९५८ मध्ये या संघाने कलकत्ता लीग जिंकली. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याच बड्या क्लबांना त्यांनी घडवले, हा त्यांच्या कारकिर्दीतला गमतीचा भाग. त्यांच्या ईस्ट बेंगॉलने १९७५ च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यात मोहन बागानला ५–० असे लोळवले. पुढे मोहन बागानचे प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाने पेलेच्या कॉसमॉस क्लबला २–२ असे बरोबरीत रोखले (१९७७). सामन्यापूर्वीची त्यांची जोशपूर्ण भाषणे ‘व्होकल टॉनिक’ म्हणून प्रसिद्ध झाली. पण त्यामागची डावपेचांची जाण दुर्लक्षित राहते. उदाहरणार्थ, फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात (१९९७) सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांच्या ईस्ट बेंगॉलने अमल दत्त प्रशिक्षक असलेल्या मोहन बागानला ४–१ हरवले.

अर्जुन पुरस्कार (१९६१), पद्मश्री (१९९०) व ‘फिफा’चा ऑर्डर ऑफ मेरिट (२००४) त्यांना लाभले. कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.