पहिलें मत कोणाला?

वयाचीं १८ वर्षें पूर्ण झालेला तरुण मतदानकेंद्रांत प्रथम पाऊल टाकतो, तेव्हां त्याच्या बोटाला शाई लागते आणि क्षणभर तो सर्वस्वी एकटा उरतो. त्या आडोशाआड वडील नसतात, मालक नसतो, जातीचा पुढारीही नसतो. समोर कांहीं नांवें आणि कांहीं चिन्हें असतात. त्यांपैकीं आपल्या मतास पात्र कोण, हा प्रश्न त्याचा त्यालाच सोडवावा लागतो. हा एकांत फार जुना नाहीं. तो मिळविण्यासाठीं कित्येक पिढ्या झगडल्या. आणि त्या एकांतांत विवेकानें निवड कशी करावी, हें शिकण्यास त्याहूनही अधिक काळ लागत आहे.

ज्या इंग्लंडला पार्लमेंटांची जननी म्हणून गौरविण्यांत येतें, तेथेंही १८७२ पर्यंत मत उघडपणें द्यावें लागे. मतदारानें चारचौघांत उभें राहून आपल्या उमेदवाराचें नांव सांगावें आणि तें वहींत नोंदलें जावें, अशी पद्धति होती. जमीनदाराची जमीन कसणारा कुळवाडी त्याच्या मर्जीविरुद्ध नांव उच्चारण्यापूर्वीं दहा वेळां विचार करी. अशा स्थितींत उमेदवार लायक कोण, हा प्रश्न उद्भवतच नसे. उद्यां रागावेल कोण, एवढाच प्रश्न असे. १८७२ च्या कायद्यानें गुप्त मतदान आलें, आणि मत देणाराच्या पाठीवरचा तो डोळा दूर झाला. विवेकाला प्रथम निर्भयता लागते, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

हिंदुस्थानांतील अडचण निराळी होती. येथें मताचा हक्कच शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या मापानें मोजून दिला जाई. १९१९ च्या जानेवारींत मुंबईस साऊथबरो समितीपुढें मताधिकाराविषयीं साक्ष देण्यास २७ वर्षांचे एक तरुण प्राध्यापक उभे राहिले. त्यांचें नांव भीमराव रामजी आंबेडकर. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारांत अधिकारपद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन प्रमुख हक्क आहेत, असें त्यांनीं त्या साक्षींत मांडलें. १९२८ मध्यें सायमन कमिशनपुढें त्यांनीं प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. तथापि १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ मध्यें ज्या प्रांतिक निवडणुका झाल्या, त्यांतही मतदार सुमारें तीन कोटीच होते. ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं, त्याचें मत विचारण्याचें कारण नाहीं, हीच त्या व्यवस्थेची भावना होती.

१९५० मध्यें अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदानें हें माप मोडून टाकलें. २१ वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळालें. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचें मतदान १९५१ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९५२ च्या फेब्रुवारींत संपलें. मतदार १७ कोटींहून अधिक. आणि त्या वेळीं देशांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढें पहिलें संकट उभें राहिलें तें नांवाचेंच. पुष्कळ स्त्रिया स्वतःचें नांव सांगण्यास तयार होईनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्या देत. अशा सुमारें २८ लाख नोंदी यादींतून वगळाव्या लागल्या. कठोर वाटला तरी ह्या निर्णयांत एक तत्त्व होतें. जिला स्वतःचें नांव आहे तिनेंच स्वतःचें मत द्यावें. कोणाची तरी आई म्हणून मत देतां येत नाहीं, नागरिक म्हणूनच देतां येतें.

वाचतां न येणाऱ्या मतदारासाठीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवण्यांत आली आणि तिच्यावर त्याचें चिन्ह लावण्यांत आलें. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचा वटवृक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचें कणीस आणि विळा. मतपत्रिकेवर खूण करावयाची नव्हती. ती हव्या त्या पेटींत टाकली कीं काम झालें. पद्धति सोपी होती. परंतु सोप्या पद्धतींतही फसगत कशी होते, हें मुंबई शहर (उत्तर) ह्या मतदारसंघानें दाखविलें.

हा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठीं राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. रिंगणांत काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, गिरणीकामगारांचे पुढारी श्रीपाद अमृत डांगे, आणि हिंदु कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्येंच मंत्रिमंडळांतून बाहेर पडलेले डॉ. आंबेडकर होते. प्रथमच मत देणाऱ्या एखाद्या तरुण कामगाराच्या मनांत काय चाललें असेल, ह्याची कल्पना करणें अवघड नाहीं. एका बाजूस स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या संस्थेची पुण्याई, दुसऱ्या बाजूस पगार आणि बोनस यांचा रोजचा प्रश्न, तिसऱ्या बाजूस ज्यांच्यामुळें माणूस म्हणून मान वर झाली त्या नेत्याविषयींची निष्ठा. ह्यांपैकीं एकही कारण क्षुद्र नव्हतें.

निकाल लागला तेव्हां राखीव जागेवर काजरोळकर निवडून आले आणि डॉ. आंबेडकर सुमारें साडेचौदा हजार मतांनीं पराभूत झाले. त्यानंतर आंबेडकर आणि मेहता यांनीं निवडणुकीविरुद्ध जो अर्ज केला, त्यांत ७४,३३३ मतें मोजणींतून बाद झाल्याची तक्रार होती. हा आंकडा पराभवाच्या अंतराच्या पांचपट भरतो. तीं मतें ग्राह्य धरलीं असतीं तर कोणाच्या पारड्यांत पडलीं असतीं, हें सांगतां येत नाहीं; निकाल तर कायमच राहिला. परंतु ज्या पुरुषानें तीस वर्षें सर्वांना मत मिळावें म्हणून आग्रह धरला, त्याच्याच निवडणुकींत मतदारांच्या हातून इतकीं मतें वाया जावीं, हा दैवदुर्विलास विसरण्यासारखा नाहीं. आपला माणूस कोण हें ओळखणें निराळें, आणि त्याच्यापर्यंत आपलें मत पोहोंचविणें निराळें. मताचा नियम जाणून घेणें हाही विवेकाचाच भाग आहे.

पुढें दोन जागांचे मतदारसंघ १९६१ मध्यें रद्द झाले. १९६२ च्या निवडणुकींत एकाच मतपत्रिकेवर सर्व नांवें आणि चिन्हें छापून शिक्का मारण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. १९८९ च्या मार्चांत ६१ व्या घटनादुरुस्तीनें मताचें वय २१ वरून १८ वर आलें. ज्या वयांत मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत प्रवेश घेते, अथवा पहिली नोकरी शोधते, त्याच वयांत देशाचा कारभार कोणाच्या हातीं द्यावा हें ठरविण्याचा अधिकार आला.

अधिकार आला, पण उमेदवाराविषयीं माहिती कोठें होती? मतदारापुढें येई तें उमेदवारानें स्वतःविषयीं सांगितलेलें, किंवा प्रतिस्पर्ध्यानें त्याच्याविषयीं पसरविलेलें. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंतील प्राध्यापकांनीं स्थापन केलेल्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ह्या संस्थेनें १९९९ मध्यें हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयांत नेला. २ मे २००२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, उमेदवारावरील फौजदारी खटले, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणें हा मतदाराचा हक्क आहे. संसदेनें त्याच वर्षीं कायदा करून हा निर्णय निष्प्रभ करण्याचा यत्न केला. १३ मार्च २००३ रोजीं न्यायालयानें ती तरतूद रद्द केली. तेव्हांपासून प्रत्येक उमेदवाराचें प्रतिज्ञापत्र लोकांसमोर असतें. २०१३ च्या सप्टेंबरांतील निर्णयानें एकही उमेदवार पसंत नसल्यास तसें गुप्तपणें नोंदविण्याची सोयही झाली.

आजच्या तरुण मतदाराजवळ साधनें आहेत. परंतु तीं वाचण्याची दृष्टि त्याचीच असावी लागते. खटला चालू असणें म्हणजे दोष सिद्ध होणें नव्हे. सत्याग्रहाबद्दलचा खटला आणि खंडणीबद्दलचा खटला यांना एकच वजन देणें न्यायाचें होणार नाहीं. पदवी हें विद्येचें चिन्ह असेल, सचोटीचें नसतें. तोच उमेदवार पुन्हां उभा असेल तर मागच्या आणि आतांच्या प्रतिज्ञापत्रांतील मालमत्ता शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी; मधल्या पांच वर्षांत सभागृहांत त्यानें कोणते प्रश्न विचारले हेंही पाहावें. जो लोकसभेचा उमेदवार गटार आणि नळ यांचींच आश्वासनें देतो, त्याला आपल्या पदाचें काम ठाऊक नाहीं, किंवा मतदाराला तें ठाऊक नाहीं असें तो समजतो.

ह्याशिवाय एक गोष्ट पुष्कळदां ध्यानांतून सुटते. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळें पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहांत मत देणाऱ्या सभासदाचें पद जाऊं शकतें. म्हणून माणूस चांगला, पक्ष कसाही असो, असें म्हणून भागत नाहीं. निवडून गेलेल्या सज्जनाचा हात बहुधा पक्षाच्या इशाऱ्यावरच वर होतो. उलट पक्षाच्या नांवावर कोणीही चालेल असें म्हटलें, तर पक्षांना चांगली माणसें शोधण्याचें कारणच उरत नाहीं. दोन्ही पारडीं तोलावीं लागतात, आणि हा तोल कोणताही कायदा मतदाराला आयता देऊं शकत नाहीं.

कायद्यानें आडोसा दिला, नांव दिलें, वय कमी केलें, माहितीचें दार उघडलें. त्या आडोशाआडचा शेवटचा क्षण मात्र मतदाराचाच राहिला आहे. १९५२ मध्यें हातीं दोन मतपत्रिका घेऊन पेट्यांसमोर थबकलेला तो गिरणीकामगार आणि आज यंत्रासमोर उभी असलेली १८ वर्षांची मुलगी, दोघांनाही तोच प्रश्न पडतो. त्याला जितका वेळ ते देतील, तितकेंच त्यांच्या मताला मोल येईल.