नॉर्थ्रप फ्राय आणि ग्रंथाला लागणारा वेळ

टोरांटोच्या व्हिक्टोरिया महाविद्यालयात १९३९ पासून अध्यापन करणारे साहित्यसिद्धान्तकार नॉर्थ्रप फ्राय (१९१२–१९९१) यांचा इंग्रज कवी विल्यम ब्लेकवरील पहिला ग्रंथ, ‘फिअरफुल सिमेट्री’, १९४७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागे दशकभराचे लेखन-पुनर्लेखन उभे होते. शिवाय ग्रंथकर्त्याजवळ पीएच.डी. ही पदवी नव्हती. आणखी दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, आलेल्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ने आदिबंध, म्हणजे साहित्यात पुनःपुन्हा अवतरणारी मूळ प्रतिमा वा कथारूप, ही संकल्पना समीक्षेच्या केंद्रस्थानी आणली, वसंताला सुखात्मिका, ग्रीष्माला अद्भुतरम्य कथा, शरदाला शोकात्मिका आणि हिवाळ्याला उपरोधिका अशी त्यात केलेली ऋतुचक्राची मांडणी मराठी अभ्यासकांनाही परिचित आहे. त्याच दशकात फ्राय ‘युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटो क्वार्टर्ली’साठी कॅनडातील इंग्रजी काव्यसंग्रहांचा वार्षिक आढावा घेत होते आणि नवख्या कवींचे पातळ संग्रहही मन लावून वाचत होते, एका सिद्धान्तकाराने आपल्या देशाच्या साहित्याची केलेली ही सेवा त्याच्या सिद्धान्ताइतकीच मोलाची मानली पाहिजे.

कॅनडातील वाचकवर्ग लहान असल्याने विद्वत्तापूर्ण ग्रंथ केवळ विक्रीच्या बळावर तग धरू शकत नव्हते, म्हणून १९४१ पासून अशा ग्रंथांना अनुदान देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे मात्र एका विषयाला वाहिलेला, तज्ज्ञांनी तपासलेला ग्रंथ हाच मानव्यविद्यांच्या अनेक विभागांत प्राध्यापकाच्या कायम नियुक्तीचा मुख्य पुरावा मानला जाऊ लागला, आणि ज्ञानासाठी उभारलेले प्रकाशन नोकरीच्या मुदतीला बांधले गेले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये आणलेल्या गुणांकनपद्धतीमुळे हा ताण मराठीच्या प्राध्यापकांनीही अनुभवला आहे. ठरावीक वर्षांत पुस्तक हाती हवे, या अटीखाली ब्लेकवरील तो ग्रंथ बहुधा अर्ध्या वाटेवरच छापखान्यात गेला असता.

ताण केवळ व्यक्तींवर नाही, संस्थांवरही येतो: फ्राय यांनीच १९६९ मध्ये स्थापन केलेले टोरांटोचे तौलनिक साहित्य केंद्र २०१० मध्ये आर्थिक कारणास्तव बंद करण्याचा प्रस्ताव आला. जगभरच्या अभ्यासकांनी निषेध नोंदवल्यावर ते टिकले. त्याच काळात टोरांटो विद्यापीठाची प्रकाशनसंस्था फ्राय यांचे समग्र लेखन ३० खंडांत सिद्ध करत होती. १९९६ ते २०१२ असे चाललेल्या या कामातील कित्येक खंड त्यांच्या टिपणवह्यांचे आहेत, ज्यांत पुढच्या ग्रंथांचे आराखडे वर्षानुवर्षे मांडून, मोडून, पुन्हा मांडलेले दिसतात.