सागरवाट आणि सायकल

कोकणच्या किनाऱ्याला निसर्गाने पुष्कळ दिले. सलग अशी वाट मात्र दिली नाही. महाराष्ट्राचा सागरकिनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर लांबीचा. नकाशात तो एका अखंड रेषेसारखा दिसतो. पण पायांनी वा चाकांनी तो मोजू पाहणाऱ्याला ती रेषा जागोजाग तुटलेली आढळते. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, तेरेखोल अशा खाड्या एकामागून एक आडव्या येतात. दोन खाड्यांमधल्या भूमीचीही एक ठरावीक घडण आहे. खाली पुळण, पुळणीमागे केवड्याची आणि उंडीची दाटी, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, आणि सडा संपला की पुन्हा करवंदीच्या जाळ्यांतून खाली उतरणारी पाखाडी. त्या उताराच्या पायथ्याशी पुढची खाडी वाट पाहत असते.

अशा भूमीत चाकाला स्थान कोठून असणार? देशावर बैलगाडी हे प्रवासाचे स्वाभाविक साधन होते. किनाऱ्यावर ती गावापुरती आणि सड्यापुरती राहिली. माणसे पायी चालत. आजारी आणि वृद्ध माणूस डोलीतून जाई. माल गलबतातून जाई. प्रत्येक खाडीवर तर असे, म्हणजे उतारूंना पैलतीरी नेणारी होडी. तरीवाला ओहोटीला एका ठिकाणी होडी लावी आणि भरतीला दुसऱ्या. किनाऱ्याचा प्रवासी घड्याळाचा ताबेदार नव्हता, तो पाण्याचा ताबेदार होता.

या वाटेने कोणी हौसेखातर हिंडत होते, असे मात्र समजण्याचे कारण नाही. कोकणची वाट ही फार काळ घर सोडून जाण्याचीच वाट होती. शेतीला जमीन थोडी आणि घरात खाणारी तोंडे फार. तेव्हा कर्त्या मुलाने दशमीचे गाठोडे बांधावे, घाट चढावा आणि दैव नेईल तेथे पोट भरावे, हीच रीत होती. रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रकाठी नेवरे हे गाव आहे. तेथील खेर घराण्यातला गोविंद बल्लाळ नावाचा तरुण असाच घाटावर गेला आणि पेशव्यांच्या चाकरीत शिरला. १७२९ मध्ये पहिल्या बाजीरावाने महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केली आणि त्यातून बुंदेलखंडातील मोठा मुलूख पेशव्यांकडे आला. त्या मुलखाचा कारभार गोविंदपंताकडे सोपविण्यात आला, आणि खेर हे आडनाव मागे पडून तो ‘गोविंदपंत बुंदेले’ झाला. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या फौजेला रसद पोहोचविण्याच्या खटपटीत असताना डिसेंबर १७६० मध्ये तो मारला गेला.

झाशी जिल्ह्यात आज ज्या भागाला टहरौली म्हणतात, तो बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधला, खडकाळ टेकड्यांचा आणि पळसाच्या रानाचा मुलूख. त्याच्याच शेजारी गुरसराय येथे एक मराठी जहागीरदार घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदले, आणि खुद्द झाशीचे नेवाळकरही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. नेवऱ्याच्या पुळणीपासून टहरौलीचे रान हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ते अंतर या माणसांनी पायांनी आणि घोड्यांच्या टापांनी तोडले. पुढे १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून काकांसह उत्तरेकडे निघाले, ते पायीच. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला आणि परतताना आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावर आणली. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावात प्रवास असला, तरी त्या प्रवासात विरंगुळा कोठेच नाही.

घाटाची वाट उत्तरेला नेत असे, तशी समुद्राची वाट मुंबईला. आगबोटी सुरू झाल्या, तेव्हा कोकणच्या बंदरांतून गिरण्यांकडे आणि गोद्यांकडे माणसांचा ओघ लागला. त्या वाटेनेही आपली किंमत घेतली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारू प्राणांस मुकले. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत ती आषाढी अमावास्या पुढे कित्येक वर्षे विसरली गेली नाही.

या साऱ्या काळात दूरदेशी एक वेगळेच वाहन घडत होते. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने दोन चाकांचे, पायांनी जमीन रेटून चालविण्याचे यंत्र केले. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बनविली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या धावा शोधून काढल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे वाहन मराठी मुलखात आले. मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे, असे सांगितले जाते. सामान्य कारकुनाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम. अर्थात सायकल तेव्हा संस्थानिकांची, साहेबांची आणि डॉक्टर-वकिलांची होती. ज्या दुकानातून ती विकली गेली, त्याच उद्योगातून पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

हौसेने दूर जाण्याची कल्पना याच वाहनाने प्रथम मनात रुजविली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांना कोणी पाठविले नव्हते. त्यांच्यामागे कर्ज नव्हते, पुढे नोकरी नव्हती. जग आपल्या पायांच्या बळावर पाहावे, एवढाच हेतू. गोविंदपंताच्या आणि विष्णुभटजींच्या प्रवासापुढे हा प्रवास ठेवून पाहिला, म्हणजे दोन काळांतले अंतर ध्यानात येते.

मधल्या काळात सायकल स्वस्त झाली आणि खाली उतरली. ती पोस्टमनची झाली, दूधवाल्याची झाली, शिक्षकाची आणि गिरणीकामगाराची झाली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. तासाच्या भाड्याने सायकल घ्यावी आणि गुडघे फोडून घेत शिकावी, हा मराठी बाळपणाचा एक संस्कारच होऊन बसला. पुढे स्कूटर आणि मोटारसायकल आली, तशी हीच सायकल गरिबीची खूण ठरली. आणि मग, जेव्हा तिची गरज उरली नाही असे वाटू लागले, तेव्हा ती हौसेसाठी परत आली.

आज हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडची मंडळी सायकली घेऊन किनाऱ्याने गोव्याकडे निघतात. ज्या किनाऱ्याने चाकाला इतकी वर्षे दाद दिली नाही, तेथे हेच एक चाक का शोभावे? कारण सायकल हे वाहन असूनही पायी चालणाऱ्याचे नियम पाळते. खाडी आडवी आली की ती माणसाबरोबर होडीत चढते. पाखाडी आली की खांद्यावर घेता येते. ओहोटीला ओली वाळू दाबून बसते, तेव्हा मुरूड-हर्णैच्या बाजूला पुळणीवरून ती सहज धावते. भरती चढू लागली की मुकाट्याने वरच्या वाटेला लागते. समुद्र तिच्याकडून थोडी सेवाही करून घेतो. खारी हवा साखळीला लागलीच गंज चढविते, म्हणून रोज मुक्कामाला गोड्या पाण्याने धुऊन तेल घातल्यावाचून गत्यंतर नसते.

गणपतीपुळ्याहून नेवरे आणि आरे-वारेमार्गे रत्नागिरीला येणारा रस्ता या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. उत्तरेस थोड्याच अंतरावर केशवसुतांचे मालगुंड. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सुरूची बने आणि करवंदीची झुडपे. चढ लागला की वर सडा. पावसाळ्याच्या शेवटी याच सड्यांवर इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, आणि रत्नागिरी-राजापूर भागातल्या अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे आणि मनुष्याकृती कोरून ठेवल्या आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे येथील या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ती चित्रे पायाखालच्या दगडावर आहेत. वेगाने जाणाऱ्या मोटारीला ती दिसत नाहीत. चढावर धापा टाकीत सायकल ढकलणाऱ्याची दृष्टी आपोआप जमिनीकडे असते. त्याच माणसाला नेवऱ्यातल्या पाराखाली पाणी पिताना कोणी वृद्ध गोविंदपंताची हकीकत सांगण्याचा संभव असतो. ज्या वाटेने एक पिढी पोटासाठी गेली, त्या वाटेवर दुसरी पिढी सावकाश परत येते आणि मागे काय राहिले होते ते पाहते, असा या हौशी प्रवासाचा अर्थ आहे.

पण ही वाटही आता बदलत आहे. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. ती दीर्घकाळ रेंगाळली. या शतकाच्या आरंभी दाभोळ, वेसवी, जयगड अशा ठिकाणी मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या; आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. त्या पुलांना विरोध करणे हा शहरी हौशीचा स्वार्थ ठरेल. अडल्या बाळंतिणीला रात्री पैलतीर गाठता यावा आणि मासळी वेळेवर बाजारात पोहोचावी, हे कोणत्याही रम्य होडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ‘रामदास’च्या उतारूंचे स्मरण ज्यांना आहे, ते पुलाची थट्टा करणार नाहीत.

तथापि पूल झाला म्हणजे तर बंद व्हावी आणि रुंद रस्ता झाला म्हणजे केवड्याचे बन, पाखाडी आणि सड्यावरची पायवाट बुजवावी, असा काही नियम नाही. महामार्ग खाडी ओलांडील; किनारा दाखविण्याचे काम जुन्या वाटेलाच करावे लागेल. ती शाबूत ठेवण्याला खर्चही फारसा नाही. रस्त्याची आखणी सड्यावरच्या शिल्पांपासून दूर करावी, पुळणीलगतची झाडी राखावी, आणि जेथे जमेल तेथे एखादी लहान होडी चालू ठेवावी, एवढे केले तरी पुरे. कोकणातून बाहेर जाण्याच्या वाटा अडीचशे-तीनशे वर्षांत पुष्कळ झाल्या. कोकणात सावकाश हिंडण्याची वाट मात्र ही एकच आहे, आणि ती जुन्या माणसांच्या पावलांनी आधीच आखून ठेवलेली आहे.