पाळीव चिंचिलाचा आहार व विष्ठा

चिंचिला हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील, कृंतक गणातील शाकाहारी सस्तन प्राणी आहे. पाळीव चिंचिलाच्या पचनाची स्थिती त्याच्या विष्ठेवरून सर्वांत लवकर कळते.

आहार

वाळलेले गवत हा त्याचा मुख्य आहार असून ते सदैव उपलब्ध असावे लागते. त्यातील तंतूंमुळे आतड्यांची हालचाल चालू राहते आणि आयुष्यभर वाढणारे दात झिजतात. प्रौढांना टिमोथी गवत देतात. लसूणघासात कॅल्शियम व प्रथिने अधिक असल्याने ती मुख्यतः पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या माद्यांसाठी वापरतात. सुका मेवा व गोड फळे टाळतात.

विष्ठा

निरोगी लेंड्या लांबट, टणक, गडद तपकिरी ते काळ्या व जवळजवळ गंधहीन असतात. काही मऊ लेंड्या प्राणी स्वतःच खातो. हे वर्तन स्वाभाविक आहे. लेंड्या लहान वा कमी होणे हे दंतविकाराचे किंवा आतड्यांची गती मंदावल्याचे लक्षण असू शकते. आहारातील अचानक बदल वा जंतुसंसर्ग यांमुळे विष्ठा पातळ होते. चिंचिलाला उलटी होत नसल्याने पोटफुगी प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे लेंड्या पडणे थांबल्यास पशुवैद्यकाकडे तातडीने न्यावे लागते.

दमट हवामानातील काळजी

उलवे (ता. पनवेल, जि. रायगड) यासारख्या किनारी भागात पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. असे गवत खाण्यास अयोग्य असते. थंड, कोरड्या प्रदेशातील या प्राण्याला उष्माघाताचाही धोका असल्याने तेथे वातानुकूलित खोली आवश्यक ठरते.