सहकुटुंब खरेदी

माझा पुतण्या स्टॉकहोमला असतो. तिथल्या एका दुकानात म्हणे पोरांना खेळायला वेगळी खोली असते, बाळाचे लंगोट बदलायलाही जागा असते. परवा फोनवर त्याने हे अशा थाटात सांगितले, की जणू आम्ही साताऱ्यात जन्मलो ते थेट मिशांसकटच! मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. कुणी जमा दाखवली की नावेची बाजू लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. म्हणून हा ताळेबंद.

आयकियाचे पहिले दुकान स्वीडनमधल्या एल्महुल्ट गावी उघडले ते 1958 साली. आमची पेठ त्याहून कितीतरी वडील. जानेवारी 1708 मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले, पेठा वाढल्या. त्यांतल्या सातांनी आठवड्याचे सातही वार वाटून घेतले. 'शनिवारी मंगळवारात जाऊ' हे वाक्य बोलायला माणूस एक तर पुण्याचा लागतो, नाही तर आमचा.

खरेदी मात्र खण आळीत. दुकानात खुर्ची नाही. पांढरीशुभ्र गादी आणि लोड. चपला बाहेर काढून आई, आजी, आम्ही तीन भावंडे आणि 'नुसती सोबत' म्हणून आलेल्या शेजारच्या काकू, असे सहा जण एका खणासाठी बसायचो. धाकटी तर ठाणावर डोके ठेवून खुशाल झोपे. मालक गड्याला म्हणत, "ते ठाण राहू दे रे, दुसरं काढ." हाच आमचा बालकक्ष. आपल्याकडे मेट्रिक मापे येऊ लागली तीही 1958 सालीच. पण आजीने अखेरपर्यंत नऊवारीच मागितले. नऊमीटरी मागणारी बाई अजून जन्मायची आहे.

एका दिवाळीत वडिलांचा पगार तीन महिने अडकला होता. आई आम्हाला घेऊन 'नुसतं बघायला' गेली. मालकांनी नेहमीसारखे शंभर खण उलगडले, चहा मागवला, आणि निघताना पिशवी आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "अहो, आज नको." ते म्हणाले, "वहिनी, मी पैसे मागितले का?" वही त्यांनी आम्ही पायरी उतरल्यावरच उघडली. पोरांच्या देखत लिहिले नाही.

आज मी कर्जाचे अर्ज तपासतो. तारण काय, जामीन कोण, पगाराचा दाखला कुठे, असे अठरा रकाने असतात. त्या 86 रुपयांना एकही रकाना नव्हता. वडिलांनी ते चार हप्त्यांत फेडले. व्याज शून्य.

आता दुसरी शाखा सांगली. चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 च्या सुमारास मिरजेपासून वेगळे होऊन तिथे राजधानी केली, गणपतीचे देऊळ बांधले. देवळाला लागून गणपती पेठ. मावशी आम्हाला देवळाच्या हत्तीपुढे उभे करून हळद-मसाल्याला जाई. पोरे तासभर जागची हलत नसत. स्टॉकहोमला हत्ती ठेवतात का, ते पुतण्याला विचारायचे राहिले.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. बाजारात पाणी शिरले. मावशीच्या नेहमीच्या दुकानदाराची उधारीची वही त्यात गेली. पाणी ओसरल्यावर सत्तरीची मावशी चिखलातून तिथे गेली आणि म्हणाली, "माझे तेराशे चाळीस होते." तो म्हणाला, "मावशी, आता कुठं काय लिहिलंय?" ती म्हणाली, "तुझी वही भिजली. माझं डोकं कोरडं आहे." त्या आठवड्यात अशी बरीच कोरडी डोकी त्याच्या दुकानात येऊन गेली म्हणे.

हे सगळे मी पुतण्याला फोनवर सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, इथं खेळायच्या खोलीत पोराला सोडताना त्याचं नाव लिहून घेतात."

आमच्याकडे त्याची गरज पडली नाही. मालकांना आम्हा तिघांची नावे पाठ होती.